बॅटरी उन्हाळ्यात खचते, हिवाळ्यात कळते

पौष-माघातल्या थंडीत सकाळी सेल्फ मारावा आणि इंजिनाने नुसते कण्हून गप्प बसावे, हा वाशिम, रिसोड किंवा कारंजा लाड येथील मोटारमालकांच्या परिचयाचा प्रकार आहे, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा त्या सकाळच्या थंडीवर टाकला जातो. वस्तुतः या भागातील बॅटरीचे आयुष्य संपवते ती थंडी नव्हे, तर त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांतील उष्णता आणि गाडी दिवसेंदिवस जागेवर उभी राहण्याची सवय. बॅटरीविषयीचा बराचसा प्रचलित सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतील गरजेतून तयार झाला असून तेथे थंडी हाच मुख्य शत्रू मानला जातो. मे महिन्यात जेथे पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, त्या पश्चिम विदर्भात तो सल्ला जसाच्या तसा लागू केल्यास निगा चुकीच्या ऋतूत घेतली जाते.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे. जिल्हा मुख्यतः ग्रामीण आणि सोयाबीनवर चालणारा असल्यामुळे येथील पुष्कळ कुटुंबांत रोजचे काम दुचाकीवर होते आणि मोटार लग्नसराईत, दवाखान्यासाठी अकोल्याला जाताना, पोहरादेवीच्या यात्रेला किंवा बाजार समितीच्या कामापुरती बाहेर निघते. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीस असेल, तर त्याची गाडी दिवाळीपासून पुढच्या सुटीपर्यंत अंगणात उभी असते. बॅटरीच्या दृष्टीने हा वापर रोज चालणाऱ्या टॅक्सीच्या वापरापेक्षाही कठीण असतो, आणि तो का, हे समजण्यासाठी त्या काळ्या पेटीच्या आत काय चालते ते पाहावे लागते.

पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवर चालणाऱ्या मोटारीत सर्वसाधारणपणे शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांवर चालणारी बॅटरी असते. पुन्हा पुन्हा भरता येणारी अशी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केली, आणि अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसवला गेल्यानंतर, समोर उभे राहून हँडल मारण्याच्या कष्टाच्या आणि धोक्याच्या कामातून चालकाची सुटका होऊ लागली. रचना तेव्हापासून मूलतः तीच राहिली आहे. पेटीत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असल्याने पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखवते. सेलमधील धन पट्ट्यांवर शिसे डायऑक्साइडचा लेप असतो, ऋण पट्ट्यांवर सच्छिद्र शिसे असते आणि दोन्ही पातळ सल्फ्युरिक आम्लात, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला नुसते ॲसिड म्हणतात त्यात, बुडालेल्या असतात. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट नावाचा क्षार जमू लागतो आणि आम्ल पातळ होत जाते. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर, म्हणजे वीज निर्माण करणारे यंत्र, साधारण १४ व्होल्टच्या दाबाने वीज परत ढकलतो, तेव्हा हीच क्रिया उलट होऊन पट्ट्या पूर्ववत होतात.

या परतफेडीला मात्र वेळेची अट असते. पट्ट्यांवर नुकताच जमलेला क्षार बारीक आणि मऊ असतो, तो सहज विरघळतो. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात व मग कितीही चार्ज केले तरी पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो. या बिघाडाला सल्फेशन म्हणतात, आणि उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या वेळेआधी निकामी होण्यामागे तोच प्रामुख्याने असतो.

उष्णतेचा परिणाम याहून वेगळा आणि अधिक फसवा आहे. रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील एक परिचित अंदाज आहे. बॅटरीला तो लावल्यास उपयोगी क्रियांबरोबर घातक क्रियाही तेवढ्याच वेगाने घडतात. आम्लातील पाणी उडून जाते, पट्ट्यांचा आधार असलेली शिशाची जाळी झिजते, आणि गाडी वापरात नसतानाही बॅटरी आपोआप जास्त वेगाने उतरते. बाहेर ४३ अंश तापमान असताना नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप कोंडलेला असतो. तरीही या काळात तक्रार येत नाही, कारण गरम हवेत इंजिन तेल पातळ असते, इंजिन हलके फिरते आणि खचलेली बॅटरीसुद्धा तेवढे काम निभावून नेते. पुढे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की तेल घट्ट होते, सेल्फला अधिक जोर लावावा लागतो, नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील क्रिया मंदावलेली असते, आणि मे महिन्यात झालेली झीज सात-आठ महिन्यांनी उघडकीस येते. म्हणून बॅटरीची तपासणी थंडीत गाडी अडल्यावर करण्याऐवजी एकदा होळीच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा पावसाळा सुरू झाल्यावर करणे या जिल्ह्यात अधिक शहाणपणाचे ठरते. गाडी लिंबाच्या सावलीत उभी करणे हा बॅटरीच्या निगेचा बिनखर्चाचा आणि खरा उपाय आहे. चहूबाजूंनी बंद असलेले टिनाचे शेड सावली देते, पण ताप कोंडून ठेवते, त्यामुळे त्यात वारा खेळता राहील अशी सोय हवी.

उभ्या गाडीची बॅटरी किती दिवसांत उतरते, याचा हिशेब सोपा आहे. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, रिमोट लॉकची यंत्रणा आणि इंजिनचा संगणक थोडी थोडी वीज घेत राहतात. हा प्रवाह सर्वसाधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असतो, म्हणजे अँपिअरच्या पन्नासाव्या ते विसाव्या भागाएवढा. लहान मोटारीची बॅटरी पुष्कळदा ३५ अँपिअर-तासांची असते. याचा अर्थ एक अँपिअर प्रवाह ती सुमारे ३५ तास देऊ शकते. ५० मिलिअँपिअरच्या दराने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, आणि महिनाभरात नवी, पूर्ण भरलेली बॅटरीही जवळजवळ रिकामी होते. सेल्फ फिरवण्याची ताकद तर त्याच्या पुष्कळ आधी संपते. आतला ५ वॅटचा दिवा चुकून चालू राहिला तर तीच बॅटरी साडेतीन दिवसांत, आणि जुन्या पद्धतीचे ५५ वॅटचे दोन हेडलाइट चालू राहिले तर चार तासांच्या आत बसते. याउलट, सेल्फ मारताना दीड-दोनशे अँपिअर एवढा प्रचंड प्रवाह लागत असला, तरी तो एक-दोन सेकंदच लागत असल्यामुळे एकूण खर्च एका अँपिअर-तासाच्या सुमारे दहाव्या भागाएवढाच किंवा त्याहूनही कमी असतो. थोडक्यात, गाडी सुरू करण्याने बॅटरी संपत नाही, ती सुरू न करण्याने संपते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा याचा अनुभव घरोघर आला, कारण गाड्या थांबल्या त्या नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि बाहेर पडण्याची मुभा मिळाली तेव्हा अनेकांच्या गाड्यांचा सेल्फ लागेना. त्या काळात दोन-चार दिवसांनी गाडी जागेवरच पाच मिनिटे चालू ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि ती अजूनही टिकून आहे. पण मंद गतीने फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही, वर पंखा आणि एसी चालू असेल तर मिळालेली वीज तिकडेच जाते, आणि पुरेसे गरम न झालेल्या इंजिनात व सायलेन्सरमध्ये पाण्याचा अंश साचतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट चालवावी. वाशिमहून मालेगावपर्यंत जाऊन परत येण्याएवढा हा फेरा बॅटरीला, टायरला आणि ब्रेकलाही उपयोगी पडतो. गावातल्या गावात पाटणी चौकापर्यंत जाऊन येण्याने हे साधत नाही. गाडी महिना-दीड महिना हलणारच नसेल, तर बॅटरीचा ऋण टर्मिनल, म्हणजे वजा चिन्हाचा काळ्या वायरचा सांधा, सोडवून ठेवावा. मात्र त्यामुळे घड्याळ व रेडिओची मांडणी पुसली जाते आणि काही नव्या गाड्यांत विशेष खबरदारी लागते, म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी पाहावी. उभ्या गाडीला आणखी एक उपद्रव असतो तो उंदरांचा. सोयाबीन, तूर घरात आली की उंदीरही मागोमाग येतात, बॉनेटखालच्या उबदार जागेत बिऱ्हाड करतात आणि वायर कुरतडतात. सोललेल्या वायरीतून वीज गळू लागली, तर नवी बॅटरीही दोन दिवस टिकत नाही आणि दोष विनाकारण बॅटरीला लागतो.

मोटारीची बॅटरी आणि घरातील इन्व्हर्टरची बॅटरी बाहेरून सारखी दिसली तरी त्यांची घडण भिन्न असते, आणि हा भेद ठाऊक नसल्याने होणारे नुकसान ग्रामीण भागात विशेष आढळते. मोटारीच्या बॅटरीत पातळ पट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात, जेणेकरून क्षणभर मोठा प्रवाह मिळावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत जाड पट्ट्या असतात, ज्या थोडा थोडा प्रवाह तासन्‌तास देतात आणि खोलवर उतरणे सहन करतात. शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा, बैल आणि नांगराचा बैल यांच्या कामात जो फरक, तोच येथे आहे. वीज गेल्यावर मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर दिवे लावणे, किंवा वरातीत इंजिन बंद ठेवून, दारे उघडी टाकून मोठ्या स्पीकरवर गाणी वाजवणे, यांतून पातळ पट्ट्यांवरील लेप सैल होऊन गळतो. अशी पूर्ण उतरवलेली बॅटरी पुन्हा चार्ज होते खरी, पण पूर्वीची राहत नाही, आणि हा प्रकार मोजक्या वेळा घडला तरी तिचे दिवस भरतात.

ज्या बॅटऱ्यांना वर बुचे असतात त्यांत पाण्याची पातळी पाहणे हे उन्हाळ्यातील मुख्य काम होय. मार्च ते जूनमध्ये दर महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी ती पाहावी. पेटीवर कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात, त्यांच्या दरम्यान पाणी असावे आणि पट्ट्या कधीही उघड्या पडू नयेत. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे वाफ करून थंड केलेल्या क्षाररहित पाण्याची. वाशिम जिल्ह्याची जमीन दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेली असल्यामुळे येथील विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. हंड्याच्या आत बसणारा पांढरा थर हा त्यांचाच पुरावा असून, असे पाणी बॅटरीत गेले की त्यातील क्षार कायमचे आतच राहतात आणि पट्ट्यांचा नाश करतात. घरच्या फिल्टरचे पाणीही पूर्णपणे क्षाररहित नसते. ॲसिड मात्र वरून कधी घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच असते, आणि वरून घातल्यास त्याचे प्रमाण बिघडून पट्ट्या जळतात. बुचे नसलेल्या, ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत पाणी कमी उडावे यासाठी जाळीच्या शिशात कॅल्शियम मिसळलेले असते. तिला पाणी लागत नाही, पण ऊन तिलाही लागते, आणि टर्मिनलची सफाई तर सर्वच बॅटऱ्यांना लागते.

टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी पूड विजेच्या मार्गात अडथळा आणते, आणि चांगली बॅटरी असूनही सेल्फ न लागण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. सफाई करताना इंजिन बंद करून आधी काळी वायर सोडवावी, मग तांबडी. बसवताना आधी तांबडी, मग काळी. गाडीचा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असल्याने, काळी वायर जोडलेली असताना तांबड्या टर्मिनलवरचा पाना चुकून पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात मिसळून जुन्या ब्रशने पूड घासली की आम्लाचा अंश फेस होऊन निघतो. सांधे कोरडे करून घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. हातमोजे व चष्मा वापरावा, आणि आम्ल डोळ्यात उडालेच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन दवाखाना गाठावा. बॅटरी तिच्या जागी पट्टीने घट्ट बांधलेली आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. शेतरस्त्यांच्या हादऱ्यांनी सैल बॅटरीच्या पट्ट्या आतल्या आत मोडतात.

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मीटर घरात असणे हा येथे उत्तम खर्च होय. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, सेल्फ मारण्यापूर्वी, दोन्ही टर्मिनलवर मीटर धरावा: १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे ती तातडीने चार्ज करणे आवश्यक. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसावा. नव्या संगणकीय गाड्यांत तो थोडा खालीवर होतो. तो साडेबारावरच अडकून राहिला, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या बेल्टमध्ये आहे, आणि बॅटरी बदलण्यावर केलेला खर्च वाया जाणार आहे. चालत्या गाडीत डॅशबोर्डवर लागणारा बॅटरीचा तांबडा दिवासुद्धा मुख्यतः हेच सांगतो. तो लागल्यास एसी व इतर उपकरणे बंद करून जवळचे गॅरेज गाठावे, कारण त्यानंतर गाडी केवळ साठलेल्या विजेवर चालत असते. पेटी फुगलेली दिसणे किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येणे ही मात्र खुद्द बॅटरीच्या बिघाडाची लक्षणे होत. अशी बॅटरी चार्ज करण्याच्या फंदात पडू नये.

बसलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वीज जोडण्यात जो धोका असतो तो हायड्रोजनचा. चार्ज होताना हा ज्वालाग्राही वायू बॅटरीतून बाहेर पडतो आणि तेथेच ठिणगी उडाली तर पेटी फुटू शकते. म्हणून दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात, तांबड्या वायरीचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला व दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे, काळ्या वायरीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग दुसरीचा सेल्फ मारावा आणि वायरी उलट क्रमाने काढाव्यात. धक्का मारून गाडी सुरू करणे हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत शक्य असते, पण न जळालेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जाऊन तिची हानी करू शकते. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालतच नाही. आकाराने मोठी मुख्य बॅटरी असलेल्या विजेवरच्या मोटारींतही दारे, दिवे आणि संगणक यांच्यासाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी सहसा असते, आणि मुख्य बॅटरी भरलेली असूनही ही छोटी बसल्यास गाडी जागची हलत नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव परिसरातील मोटारी एकाएकी शेकडो किलोमीटरच्या सलग वेगवान प्रवासाला निघू लागल्या आहेत. महिनाभर अंगणात उभी असलेली गाडी थेट या रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे, आणि येथे बॅटरीपेक्षाही टायरची चिंता अधिक करावी लागते: उभ्या गाडीच्या टायरमधील हवा हळूहळू कमी होते, कमी हवेचा टायर वेगात जास्त वाकतो, वाकण्याने तापतो, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तो फुटू शकतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. टायरच्या कडेवर चार आकडी ठसा असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असल्याने ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा, आणि नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर कडक होऊन तडकलेला असू शकतो.

नवी बॅटरी घेताना निर्मितीची तारीख आवर्जून पाहावी, कारण दुकानातल्या फळीवर एक उन्हाळा काढलेली बॅटरी न वापरताच बरीच झिजलेली असू शकते. क्षमता आणि आकार गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावा. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांना त्यासाठीच बनवलेली बॅटरी लागते, साधी बसवल्यास ती लवकर जाते. डिझेल गाडीत हवा अधिक दाबली जात असल्याने सेल्फला जास्त जोर लागतो, म्हणून तिची बॅटरीही मोठी असते. हमीपत्रावर दुकानदाराकडून तारीख व शिक्का घ्यावा, आणि हमीचा कोणता काळ मोफत बदलून मिळण्याचा व कोणता सवलतीचा, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याचा मोह टाळून ती नवी देणाऱ्या दुकानदाराकडेच परत करावी. जुनीच्या बदल्यात बिलात सहसा सूट मिळते. शिसे हे शरीरात साठत जाणारे विष असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो, आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवले, तर त्याची धूळ व ॲसिड आसपासच्या जमिनीत आणि विहिरीत उतरते. केंद्र सरकारने २००१ चे बॅटरीविषयक नियम बदलून ऑगस्ट २०२२ मध्ये जे नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले, त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा अधिकृत पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ही साखळी चालते ती मालकाने बॅटरी दुकानापर्यंत परत नेली तरच. तोवर ती घरात ठेवावी लागली, तर उभीच, मुलांच्या आणि गुरांच्या वाटेपासून दूर, वारा असलेल्या जागी ठेवावी, आणि तिच्यातील ॲसिड मोरीत किंवा परसात ओतू नये.